साडूची बिऱ्हाडगाडी

रविवारी सकाळी साडेनऊला निपाणीत मायाप्पाच्या दारात एक पांढरी लांबडी गाडी उभी राहिली आणि तिच्या पोटातून त्याचा साडू आण्णाप्पा उतरला. ड्रायव्हरच्या बाजूनं नाही, क्लीनरच्या बाजूनं नाही. मधल्या दारातून, घरातून ओट्यावर यावं तसा, लुंगीवर, हातात चहाचा कप घेऊन.

"जयभीम थोरलं! चहा घेताय काय? ताजा हाय. संकेश्वर सोडलं आणि आधण ठेवलं बघा, तवंदी घाट उतरूस्तवर उकळी!"

"चालत्या गाडीत ग्यास पेटवलासा?" मायाप्पा म्हणाला.

"ग्यास कुठला आणलाय? इंडक्शन. बॅटरीवर. ॲक्च्युअली सोलर. व्हेरी सिंपल की!"

मायाप्पाला इंडक्शन माहीत होतं, सोलरही माहीत होतं. दोन्ही मिळून साडूच्या टपावर आणि साडूच्या पोटात जाऊ शकतात, हे मात्र त्याला त्या सकाळीच कळलं.

आता हे दोघं कोण ते सांगायला पाहिजे. तानीबाई आणि गुणाबाई या सख्ख्या बहिणी. थोरली तानीबाई मायाप्पाची बायको. मायाप्पा चौतीस वर्षं मालाच्या ट्रकवर ड्रायव्हर. जाताना निपाणीची तंबाखू, नाहीतर संकेश्वरची साखर, येताना मीठ, कौलं, मिळेल ते. गुडघ्यानं क्लच दाबायचं नाकारलं तेव्हा दोन वर्षांपूर्वी उतरला. धाकटी गुणाबाई आण्णाप्पाची. आण्णाप्पा बेळगावात सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटला तो हेडक्लार्क होऊनच सुटला. दोघांचेही बाप एकाच वखारीत तंबाखूची पोती उचलायचे. पोतं एक, वखार एक, आणि बघा, कोण कुठं गेलं.

साडूनं बेळगावात घर बांधलं तेव्हा मायाप्पा जळला होता, पण बेतानं. घर एका जागी असतं. आपण तिकडं गेलो नाही की दिसत नाही. साडूला पेन्शन बसली तेव्हाही जळला, पण पेन्शन तर दारात उभी राहून हॉर्न देत नाही. शिक्षण, बोलणं, चष्म्याची फ्रेम, सगळं त्यानं साडूला देऊन टाकलं होतं. रस्ता तेवढा त्याचा होता. लग्नात, बारशात मंडळी पोरांच्या मार्कांवर आली की मायाप्पा गप्प बसून सुपारी चघळायचा. आणि कुणी म्हटलं, "कारवारला कुठनं जवळ पडतंय वो?" की मांडी बदलून पुढं सरकायचा. एवढंच एक राखीव रान होतं त्याचं. त्यात आता साडू अख्खं घर घेऊन शिरला होता.

गाडी आण्णाप्पाच्या लेकीची, सुविधाची. सुविधा पुण्यात बँकेत ऑफिसर. तिनं एका शाळेची जुनी मिनीबस घेतली, आतली बाकडी काढली आणि त्या जागी चार माणसांचं झोपणं, बेसिन, पंखा, मच्छरदाणी, डबे ठेवायला खण, असं सगळं करून घेतलं. आणि चालवत होती तीच. स्टिअरिंगवरनं उतरली, ओढणी झटकली आणि म्हणाली, "काका, बघा की आत येऊन."

"बघतो की," म्हणत मायाप्पा आत न जाता आधी टायरला लाथ मारायला गेला. पुढच्या दोन्ही, मागच्या दोन्ही. टायर चांगले होते. मग खाली वाकून तेलगळती शोधली. एक थेंब सापडेना. शेवटी म्हणाला, "रंग पांढरा का घेतलासा? मयताच्या गाडीगत दिसतंय."

"ऊन कमी लागतंय काका पांढऱ्याला."

"व्हय. मयतालाबी लागत न्हाय."

तेवढ्यात आतून आवाज आला, "आई गंऽऽ! काय गादी हाय गं गुणा!"

हा आवाज तानीबाईचा होता. मायाप्पानं डोकं आत घातलं तर त्याची बायको, लग्नाची, चाळीस वर्षांची जोडीदारीण, साडूच्या गाडीत आडवी झाली होती. चप्पल खाली, पाय वर, डोक्यावर पंखा. शेजारी गुणाबाई उभी, घरमालकीण दाखवते तशी बहिणीला बटणं दाखवत: "आक्का, हे दाबलं की लाईट, हे दाबलं की निळी लाईट."

"निळी कशाला गं?"

"झोपायला."

"आमी तर काळोखात झोपतो की," मायाप्पा बाहेरून म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

मग आण्णाप्पानं बेत मांडला. मांडला म्हणजे, त्याच्या पद्धतीनं मांडला: फोल्डिंगचं टेबल उघडलं, त्यावर फाईल, फाईलवर विषय लिहिलेला, 'प्रवास, जानेवारी'. बेळगावातनं निघायचं, खानापूर, दांडेली, येल्लापूर, घाट उतरून अंकोला, मग समुद्राच्या कडंनं कारवार, आणि गोव्यावरनं चोर्ला घाटानं परत. आठ दिवस. लॉज नाही, हॉटेल नाही. रोज सांजच्याला चांगली जागा बघायची, जंगल, नदी, समुद्र, गाडी लावायची आणि झोपायचं. फुकट.

"फॉर युवर काईंड इन्फॉर्मेशन," आण्णाप्पा म्हणाला, "मोबाईलमध्ये सगळ्या फुकट जागा आहेत. हिरवा ठिपका म्हणजे फुकट. हे बघा, फोर पॉईंट थ्री स्टार. सूर्योदय दिसतो असं कुणीतरी लिहिलंय. आणि चार जागा आहेत गाडीत. आम्ही तिघं. आक्कांना आणि तुम्हाला बोलवायलाच आलोय. कुणीतरी एक जण खाली सतरंजीवर. मी झोपतो की!"

तानीबाई गादीवरूनच म्हणाली, "मी येतो."

तिनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मायाप्पाच्या छातीत कुणीतरी हिरवी मिरची चिरली.

"आमी बघितलंय ते सगळं," तो म्हणाला.

"तुमी बघितलंसा. मी कुठं बघितलंय?"

"समुद्रात काय बघायचंय? पाणी असतंय."

"मग पाणी बघतो."

आण्णाप्पा मधे पडला. "असू दे थोरलं, विचार करा. घाई न्हाय."

विचार करायला मायाप्पाला वेळ लागला नाही. त्यानं साडूच्या हातातला मोबाईल हातानंच बाजूला सारला. "ह्येला काय कळतंय? ठिपकं. मी चौतीस वर्सं फुकट झोपलोय ह्या रस्त्यावर. कुठं पाणी, कुठं उजेड, कुठं डिझेल चोरीला जातंय, कुठली कुत्री चावरी, सगळं हितं हाय." त्यानं कपाळावर बोट ठोकलं. "मुक्काम मी लिवून देतो. पुढच्या रविवारी या."

"द्या की! बेस्ट!" आण्णाप्पा म्हणाला, आणि खरंच खूश झाला. साडूचं हेच मायाप्पाला सगळ्यात जास्त सलायचं. तो वाईट नव्हता. वाईट असता तर जळायला किती सोपं गेलं असतं!

त्या आठवड्यात मायाप्पानं दोन कामं केली. एक, लिहिलं. दोन, साडूच्या नकला केल्या. चहाच्या टपरीवर कप असा करंगळी वर करून धरायचा आणि म्हणायचा, "ॲक्च्युअली सोलर! व्हेरी सिंपल की!" टपरीवाला हसून चहा सांडायचा. न्हाव्याकडं गाल फुगवून बसल्या बसल्या म्हणायचा, "फॉर युवर काईंड इन्फॉर्मेशन, मिशी ठेवा." पण नक्कल करून घरी आलं की पोटातली आग तशीच. उलट टपरीवाल्यानं विचारलं, "पर गाडी लई भारी असंल न्हवं?" त्यानं ती आणखी भडकायची.

लिहायला त्यानं वही आणली होती, शाळेची, दुरेघी. जुन्या ओळखीच्या माणसांना फोन लावून खात्री करून घेत होता.

"अंकोल्याकडचा तो तुझा धाबा हाय न्हवं अजून?"

"मायाप्पा! जित्ता हाईस व्हय रं! धाबा कुठला? आता तिथं गाड्यांची शोरूम हाय."

"आणि मागचा नळ?"

"नळ हाय की."

'नळ आहे,' मायाप्पा वहीत लिहायचा, आणि मोबाईलला हा नळ माहीत नसणार म्हणून घडीभर सुखी व्हायचा.

इकडं तानीबाईनं चकल्या केल्या. दोन लुगडी बाजूला काढली. बाजारातनं रबरी चपला आणल्या. "ह्या कशाला?" "समुद्रात घालायला." मग चौथ्या दिवशी ती सरळच म्हणाली, "अवो, तुमी या न्हाईतर ऱ्हाऊ द्या. भाकरीचं शेजारी सांगून ठेवलंय. चावीबी तिथंच ठिवून जातो."

म्हणजे ती जाणार. नक्की जाणार. मायाप्पा ओट्यावर बसून डोळ्यांपुढं चित्र बघत राहिला: कारवारचा किनारा, त्याची बायको रबरी चपला घालून उभी, आणि शेजारी आण्णाप्पा, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट लांब करून: "आक्का, हा बघा समुद्र. व्हेरी बिग की." ज्या समुद्राच्या कडंनं मायाप्पानं शंभर-दीडशे खेपा केल्या, तो साडू दाखवणार. आणि ती म्हणणार, "आई गंऽऽ!" त्याच आवाजात, गादीवरच्या.

लग्नानंतर सात-आठ वर्षांनी तिनं एकदाच विचारलं होतं, ट्रकमधनं येऊ का समुद्र बघायला. तो म्हणाला होता, "ट्रक म्हंजे काय जत्रंची गाडी हाय व्हय?" तिनं परत विचारलं नव्हतं. ती परत विचारत नाही कधी. चपला आणते.

रविवारी बिऱ्हाडगाडी परत दारात आली. या वेळी मायाप्पा स्वतःहून आत चढला, वही काखेत, आणि गादीवर न बसता लोखंडी स्टुलावर बसला. आण्णाप्पानं चष्मा लावला, वही उघडली आणि कचेरीत टपाल वाचतात त्या आवाजात वाचायला घेतली.

"मुक्काम पहिला. खानापूरच्या पुढं, टायरचं दुकान. पाणी आहे. उजेड आहे. मालक चांगला. … मुक्काम दुसरा. दांडेलीच्या अलीकडं, लाकडाच्या वखारीचं आवार. कुत्री आहेत, चावत नाहीत. … मुक्काम तिसरा. वजनकाट्याच्या मागं. आवाज असतो, सवय होते." आण्णाप्पानं चष्म्यावरून बघितलं. "थोरलं, वजनकाट्याच्या मागं?"

"सुरक्षित हाय."

"सूर्योदय?"

"काट्यावर दिसतोय की. ट्रक हलला की."

आण्णाप्पा ख्याख्या हसायला लागला. गुणाबाई हसली. तानीबाईनंही पदर तोंडाला लावला, आणि मायाप्पाचं तोंड तिच्याकडं बघून एवढंसं झालं. "मुक्काम चौथा, पंक्चरचं दुकान! मुक्काम पाचवा, नळ! नुसता नळ!" आण्णाप्पाचे डोळे पाणावले. "थोरलं, अवो चौतीस वर्सांत एक तळं न्हाय? एक नदी न्हाय? ही सहल हाय का गाडीचं सर्व्हिसिंग?"

खरं म्हणजे मायाप्पालाही वाचून दाखवेपर्यंत ते दिसलं नव्हतं. तीन दिवस लिहिलं, मन लावून लिहिलं, साडूच्या ठिपक्यांना हरवायला लिहिलं, आणि सगळी यादी टायर, नळ, काटा.

सुविधा हसत नव्हती. ती वही आणि मोबाईल शेजारी शेजारी ठेवून बघत होती. बँकेतली पोरगी, कागदावर कुठं गडबड आहे ते तिला आधी दिसतं.

"काका," ती म्हणाली, "येल्लापूरच्या अलीकडं तुम्ही दोन मुक्काम लिहिलेत. वजनकाटा आणि पंक्चरचं दुकान. दोन्हींत सात किलोमीटरचं अंतर. सात किलोमीटरवर कोण दोनदा मुक्काम करतंय?"

"कवा हितं, कवा तितं."

"आणि दोन्हींच्या मधी बरोबर हे तळं हाय. मोबाईलवर हिरवा ठिपका. कमळं आहेत म्हणं."

"हाईत कमळं," मायाप्पा म्हणाला. "पांढरी. काठाला वडाची झाडं. पाणी गोड. ट्रक सावलीत बसतोय पुरा."

"मग तिथं का नाही लिहिलं?"

गाडीत पंखा फिरत होता. बाहेर गल्लीतली पोरं गाडीच्या आरशात तोंडं बघत होती.

"लावला हुता एकदा," मायाप्पा म्हणाला. तो आता कुणाची नक्कल करत नव्हता, पण सवयीनं आवाज बदललाच. मऊ, पान खाणारा, गोड कानडी आवाज निघाला. "माणूस आला एक. चांगला माणूस. लिंबाचं सरबत दिलं. म्हणाला, कुठनं आलासा, पोरं किती. बसला घटकाभर. मग म्हणाला, 'नीवु यार पैकी?' तुमी कुणापैकी म्हणून. मी सांगितलं. खोटं कशाला सांगू? मग पेला हितंच ठेवा म्हणाला, मी उचलतो म्हणाला. आणि म्हणाला, 'गाडी स्वल्प मुंद तगोरी.' जरा पुढं घ्या. जरा पुढं घेतली. पंक्चरवाल्यानं काय विचारलं न्हाय. जाताना पंक्चरवाला, येताना काटेवाला. दोघंबी विचारत न्हवती. बाकीचीबी तसलीच बघून ठेवलीती मी. नळ काय विचारणार?"

आण्णाप्पानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "जुनी गोष्ट झाली ती थोरलं. आता कोण विचारतंय?"

"तुला विचारत न्हाईत." मायाप्पानं साडूला इतक्या वर्षांत पहिल्यांदा अरे-तुरे केलं, आणि कुणालाच ते खटकलं नाही. "तू मधल्या दारानं उतरतोस. हातात कप घिऊन. तुला कोण विचारणार? म्हणून जळतोय मी. गादी घाल चुलीत."

आण्णाप्पा हळूच म्हणाला, "मला कचेरीत विचारायचे. वेगळ्या रीतीनं. फाईल देताना." एवढंच बोलून त्यानं फोल्डिंगच्या टेबलाची कडी उगाच उघडून लावली.

मायाप्पानं त्याच्याकडं बघितलं. जळणं काही थांबलं नाही. पण त्याला जरा धूर कमी झाल्यासारखा वाटला.

तानीबाई गादीवरून उतरली. नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "मला ट्रकमधनं न्हेलं न्हाईसा, ते ह्येच्यासाठी?"

"क्लीनर झोपायचा तितं. जागा न्हवती."

"खरं बोला."

"तुझ्यासमोर कोण गाडी पुढं घ्या म्हणलं असतं," मायाप्पा म्हणाला, "तर मला घेता आली नसती."

ती वळून भाचीला म्हणाली, "सुविधा, तळ्यावर लिही. मुक्काम तळ्यावर."

"मावशी, काकांना नको असेल तर…"

"काकाचं काका बघतील. कोण आलं विचारत तर मी बसतो दारात. मधल्या. कुणापैकी म्हणला तर सांगतो, तू आधी सांग. कानडी मलाबी येतंय."

गुणाबाई म्हणाली, "आक्का आणि मी. दोघी."

मायाप्पा स्टुलावर बसून होता. सगळ्यांना वाटलं, आता तो वही उचलून खाली उतरणार, आणि तानीबाई एकटीच जाणार. त्यालाही घटकाभर तसंच वाटलं. मग त्यानं साडूच्या खिशातलं पेन ओढून घेतलं, वही पुढ्यात घेतली, वजनकाट्यावर एक रेघ मारली, पंक्चरच्या दुकानावर दुसरी. खाली दुरेघीत, शाळेतल्यासारखं ठळक लिहिलं: कमळाचं तळं. आणि पुढं आकडा घातला.

आण्णाप्पा वाकून बघायला लागला. "दोन? थोरलं, दोन मुक्काम? प्लॅनमध्ये एकच बसतोय. ॲक्च्युअली पुढचं सगळं शेड्यूल…"

"दोन."

"मग समुद्राची एक रात्र कमी करायला लागंल."

"समुद्राला हात लावायचा न्हाय!" तानीबाई म्हणाली.

"मग गोवा कमी कर," मायाप्पा म्हणाला. "गोव्यात काय हाय? तुझ्यासारखी माणसं."

सुविधानं मोबाईलवर काहीतरी दाबलं. आठाचे नऊ दिवस झाले. तानीबाई म्हणाली, मग चकल्या पुरायच्या नाहीत, आणि करायला घरात गेली.